निधी, रास आणि वाटा

लघुचित्रफितींच्या निर्मात्यांना जाहिरातींच्या उत्पन्नातील ‘वाटा’ मिळतो, असे आज सर्रास म्हटले जाते. परंतु हा शब्द ज्या व्यवहारास लावला जातो, त्याचे स्वरूप कालपरत्वे पालटत गेले आहे. शब्द तोच राहिल्यामुळे हा पालट सहसा ध्यानात येत नाही.

यूट्यूबने २००७ साली निर्मात्यांना जाहिरात-उत्पन्नात सहभागी करून घेण्यास आरंभ केला. तेथे ‘वाटा’ हा शब्द सार्थ होता. जाहिरात विशिष्ट चित्रफितीस जोडलेली असल्यामुळे तिचे उत्पन्न वेगळे मोजता येई. दीर्घ चित्रफितींबाबत आजही निर्मात्यास त्यातून ५५ टक्के मिळतात. आपल्याकडील अर्धेलीच्या शेतीशी याचे साम्य उघड आहे. ज्या शेतात राबावे, त्याच शेताच्या पिकाची वाटणी व्हावी.

लघुचित्रफितीने हा संबंध तोडला. अंगठ्याच्या एका हालचालीसरशी एक चित्रफीत जाते व दुसरी येते. जाहिरात असते ती दोहोंमधील सांध्यात. ती पहिलीची मानावी की दुसरीची? सहा सेकंदांच्या चित्रफितींसाठी २०१३ साली सुरू झालेल्या व्हाइनने निर्मात्यांना जाहिरात-उत्पन्नातून काही देण्याची व्यवस्थाच केली नव्हती. २०१५ च्या अखेरीस काही आघाडीच्या निर्मात्यांनी मोबदला मागितला, पण ती मागणी फलद्रूप झाली नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये व्हाइन बंद करण्याचे जाहीर झाले.

त्यानंतरचा टप्पा निधीचा. टिकटॉकने जुलै २०२० मध्ये अमेरिकेतील निर्मात्यांसाठी २० कोटी डॉलरांचा निधी घोषित केला. (भारतात त्यावर २९ जून २०२० रोजीच बंदी आली होती. यूट्यूबने आपल्या ‘शॉर्ट्‌स’ची पहिली चाचणी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भारतात केली, हे सहज घडले असेल असे वाटत नाही.) २०२१ साली यूट्यूबनेही १० कोटी डॉलरांचा निधी काढला. मात्र निधी म्हणजे वाटा नव्हे. निधीचे माप मालकाच्या घोषणेने ठरते, पिकाने नव्हे. दावेदार वाढले की प्रत्येकाची ओंजळ आटते. अमेरिकन निर्माते हँक ग्रीन यांनी जानेवारी २०२२ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता.

१ फेब्रुवारी २०२३ पासून यूट्यूबने शॉर्ट्‌सना उत्पन्नाची वाटणी लागू केली. तिची रीत मुळातून पाहण्याजोगी आहे. चित्रफितींच्या मधल्या जाहिरातींचे सर्व उत्पन्न प्रथम एका राशीत पडते. एक गीत वापरणाऱ्या चित्रफितीमागील निम्मी रक्कम, आणि दोन गीते असल्यास दोनतृतीयांश, संगीताच्या हक्कांपोटी वेगळी निघते. उरलेली रास दर्शनांच्या प्रमाणात वाटली जाते आणि प्रत्येकाच्या नावे आलेल्या रकमेतील ४५ टक्के त्याच्या हाती पडतात. समजा, रास १,००,००० रुपयांची आहे आणि निम्मी दर्शने एकेक गीत असलेल्या चित्रफितींची आहेत. संगीतासाठी २५,००० निघून ७५,००० उरतील. एक टक्का दर्शने मिळवणाऱ्याच्या नावे ७५० पडतील व हाती ३३७ रुपये ५० पैसे येतील. त्याने स्वतः एकही गीत वापरले नसले तरी हा आकडा बदलत नाही. शेजाऱ्याच्या गाण्याचा खर्च त्याच्याही वाट्यातून जातो! अर्धेलीत असा प्रकार संभवत नाही. येथे सर्व शेतांचे धान्य एकाच खळ्यावर ओतलेले असते.

ही रास देशवार असते, भाषावार नव्हे. एकच मराठी चित्रफीत पुण्यात पाहिली तर भारताच्या राशीत मोजली जाते आणि लंडनमध्ये पाहिली तर ब्रिटनच्या राशीत. मराठी हा या हिशेबाचा घटकच नाही.

भाषेच्या अभ्यासकास आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटेल. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट केवळ सुरू झाली तरी ते ‘दर्शन’ गणले जाते. मोबदला मात्र पूर्वीच्याच कसोटीवर, प्रेक्षक काही काळ रेंगाळला तरच, मोजला जातो. त्यासाठी वेगळी संज्ञा योजण्यात आली. परिणामी चित्रफितीखाली सर्वांना दिसणारा आकडा आणि पैशाचा आकडा हे आता दोन निरनिराळे आकडे आहेत.