हाँगकाँगचे अखेरचे ब्रिटिश गव्हर्नर : ख्रिस पॅटन

ब्रिटनमध्ये ९ एप्रिल १९९२ रोजी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत हुजूर पक्षाने सलग चौथ्यांदा सत्ता राखली. या यशाचे मोठे श्रेय पक्षाध्यक्ष ख्रिस पॅटन यांना देण्यात आले. मात्र बाथ या आपल्या मतदारसंघात ते स्वतः पराभूत झाले. पंतप्रधान जॉन मेजर यांनी त्यांची हाँगकाँगच्या गव्हर्नरपदी नियुक्ती केली. जुलै १९९२ मध्ये त्यांनी सूत्रे स्वीकारली, तेव्हा ही वसाहत चीनच्या स्वाधीन होण्यास पाच वर्षेही उरली नव्हती.

१९४४ साली जन्मलेले पॅटन १९७९ पासून खासदार होते. मार्गारेट थॅचर यांच्या मंत्रिमंडळात पर्यावरणमंत्री असताना लोकक्षोभास कारण ठरलेल्या 'पोल टॅक्स'ची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांच्या आधीचे गव्हर्नर डेव्हिड विल्सन हे चिनी भाषेचे जाणकार मुत्सद्दी होते. पॅटन मुळात राजकारणी. गव्हर्नरचा पिसांच्या टोपीसह असलेला पारंपरिक गणवेश त्यांनी परिधान केला नाही.

ऑक्टोबर १९९२ मध्ये त्यांनी निवडणूक सुधारणांचा प्रस्ताव मांडला. साठ सदस्यांच्या कायदेमंडळात थेट निवडणुकीच्या जागा वीसच राहणार, हे आधीच ठरलेले होते. पॅटन यांनी या मर्यादेतून वाट काढली. मतदाराचे किमान वय २१ वरून १८ वर आणले, नियुक्त सदस्यांची पद्धत बंद केली आणि नऊ नवे व्यवसायनिहाय मतदारसंघ असे आखले की, बहुतेक नोकरदारांना त्यांत मताधिकार मिळाला. चीनने यावर तीव्र संताप व्यक्त केला. चिनी अधिकारी लू पिंग यांनी त्यांना 'हजार वर्षांचा गुन्हेगार' संबोधले. पर्सी क्रॅडॉक यांच्यासारखे निवृत्त ब्रिटिश मुत्सद्दीही विरोधात गेले. दीडशे वर्षे राज्य करणाऱ्या ब्रिटनला लोकशाहीची आठवण निरोपाच्या वेळी व्हावी, हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

१९९५ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला सर्वाधिक जागा मिळाल्या. तथापि, चीनने स्वतंत्र हंगामी कायदेमंडळ स्थापन केले आणि १ जुलै १९९७ रोजी निर्वाचित कायदेमंडळ संपुष्टात आले. आदल्या दिवशी भर पावसात निरोप समारंभ पार पडला. मध्यरात्रीच्या हस्तांतरानंतर पॅटन युवराज चार्ल्स यांच्यासह 'ब्रिटानिया' या शाही नौकेतून रवाना झाले.

पुढे उत्तर आयर्लंडच्या पोलीस सुधारणा आयोगाचे अध्यक्ष, युरोपीय आयोगाचे परराष्ट्र व्यवहार आयुक्त, बीबीसी ट्रस्टचे अध्यक्ष आणि २००३ ते २०२४ या काळात ऑक्सफर्ड विद्यापीठाचे कुलपती अशी पदे त्यांनी भूषविली. २००५ मध्ये ते हाउस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य झाले. हाउस ऑफ कॉमन्सची निवडणूक मात्र त्यांनी १९९२ नंतर पुन्हा लढविली नाही.