पीएमपीची तूट आणि तुटीमागचा कारभार

पुणे महानगर परिवहन महामंडळ (पीएमपी) तोट्यात चालते, हे विधान खरे आहे. पण निदान म्हणून त्याचा काही उपयोग नाही. शहरातली बस केवळ तिकिटाच्या पैशावर चालत नाही, हा बहुतेक मोठ्या शहरांचा अनुभव आहे. रस्ते, पाणी, दिवाबत्ती यांवर पालिका खर्च करते तेव्हा त्याला कोणी तोटा म्हणत नाही. बसवर केला की मात्र म्हणतात. म्हणून या विवेचनात तुटीचा आकडा दुय्यम धरला आहे. आधी तीन प्रश्न सोडवायला हवेत. सेवा किती आणि कुठे हवी हे कोण ठरवते? तिचे पैसे कोण देते? आणि ती कोलमडली तर जाब कोणाला विचारायचा? पीएमपीच्या बाबतीत या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगवेगळ्या दारांत सापडतात, आणि माझ्या मते दुखणे तिथेच आहे.

थोडा पूर्वेतिहास. पुणे महापालिका १९५० मध्ये झाली आणि त्याच सुमारास शहराची बससेवा खासगी कंपनीकडून पालिकेकडे आली, ती पीएमटी. पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ ची. महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात परिवहन उपक्रमाची स्वतंत्र चौकट आहे: परिवहन समिती, परिवहन व्यवस्थापक, स्वतंत्र परिवहन निधी. समितीत राजकारण भरपूर चाले, भरतीच्या आणि खरेदीच्या सुरस कथा दोन्ही शहरांत आजही ऐकायला मिळतात. पण एक गोष्ट स्पष्ट होती. बस आली नाही तर नगरसेवक सभागृहात उभा राहून परिवहन समितीच्या अध्यक्षाला धारेवर धरू शकत होता.

२००७ मध्ये दोन्ही उपक्रम मोडून एक कंपनी काढली, तीच पीएमपी. हेतू चांगला होता. हॅरिस पुलापलीकडे दापोडी लागली की पालिका बदलते, पण निगडीहून स्वारगेटला कामावर जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तिथे काहीच बदलत नाही. एक शहर, एक बस हा विचार बरोबरच होता. फक्त तो अमलात आणताना जी रचना निवडली, तिच्यात भागधारक, अनुदान देणारे आणि रस्त्याचे मालक हे सगळे एकच निघाले. पुणे पालिकेचा हिस्सा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के, आणि वर्षाअखेरची संचलन तूटही याच प्रमाणात दोघींनी भरायची. संचालक मंडळावर दोन्ही महापौर, स्थायी समित्यांचे अध्यक्ष आणि आयुक्त. म्हणजे बैठकीत एका बाजूला बसून ज्यांनी कंपनीचे हित पाहायचे, त्यांनीच आपल्या पालिकेत परतल्यावर कंपनीला द्यायच्या पैशावर कात्री चालवायची. एकाच माणसाला दोन टोप्या घातल्या की अडचणीच्या वेळी तो कोणती काढून ठेवील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मार्च २०२२ मध्ये दोन्ही पालिकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तिथे प्रशासक होते. जवळजवळ चार वर्षे महापौर नव्हते, स्थायी समिती नव्हती. पीएमपीच्या मंडळावरचा लोकप्रतिनिधींचा अंश त्या काळात आपोआप गळून पडला. नगरसेवकांनी पीएमपीचे फार भले केले असे कोणी म्हणणार नाही. पण प्रवाशाने तक्रार घेऊन जायची जागाच त्या काळात उरली नव्हती.

आता नेतृत्वाकडे वळू. पीएमपीचा अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक राज्य सरकार नेमते. भागधारक पुण्यात, नेमणूक मुंबईत. बदल्यांविषयीच्या २००५ च्या राज्य कायद्यात एका पदावरचा साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा मानला आहे. पीएमपीत बहुतेकांचा मुक्काम दोन वर्षांच्याही आतला ठरला. श्रीकर परदेशी यांच्याकडे २०१४ च्या अखेरीस अतिरिक्त कार्यभार आला. आगारात धूळ खात पडलेल्या गाड्या त्यांनी रस्त्यावर काढायला सुरुवात केली आणि काही महिन्यांतच ते पंतप्रधान कार्यालयात गेले. तुकाराम मुंढे मार्च २०१७ मध्ये आले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नाशिकचे आयुक्त म्हणून गेले. त्यांच्या कामाच्या पद्धतीवर पुणेकर आजही दोन तट पडून भांडतात. मला त्या भांडणात फारसा रस नाही. कडक अधिकारी असो की मवाळ, मार्गांची फेररचना करायची तर आधी प्रवासी मोजावे लागतात, मग वेळापत्रक, मग चालक-वाहकांच्या पाळ्या, मग संघटनांशी बोलणी आणि शेवटी दोन-तीन महिने चालवून दुरुस्ती. अकरा महिन्यांत हे बसत नाही. त्यामुळे नवा अधिकारी जे पटकन दिसते ते करतो: नवी योजना, नवे ॲप, नव्या रंगाची गाडी. वेळापत्रक तसेच राहते, कारण ते बदलण्याचा त्रास आपल्या काळात आणि फायदा पुढच्याच्या काळात.

संस्थेच्या आतला कायम अधिकारीवर्ग हे सगळे ओळखून असतो. वरचा साहेब प्रतिनियुक्तीवर आला आहे, तो जाणार आहे. ‘होय साहेब’ म्हणून फाइल फिरवत ठेवली तरी पुरते.

पैशाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. गेल्या काही वर्षांत संचलन तूट सातशे कोटी रुपयांच्या आसपास आहे. पण ती कशी भरली जाते, हे रकमेपेक्षा महत्त्वाचे. तूट म्हणजे झालेल्या खर्चातून झालेले उत्पन्न वजा केल्यावर उरलेला आकडा. तो वर्ष संपल्यावर कळतो, लेखापरीक्षणानंतर पक्का होतो, आणि मग पालिका तो मान्य करते. दरम्यान डिझेल, सीएनजी, पगार, ठेकेदारांची बिले महिन्याच्या महिन्याला उभी असतात. म्हणून पालिका आगाऊ हप्ते देतात, पण ते आपल्या सोयीने. या पद्धतीत दोन्ही बाजूंना वाईट सवयी लागतात. पीएमपीला खर्च वाचवण्याचे कारण उरत नाही, कारण वाचलेला रुपया अनुदानातून वजा होतो. आणि पालिकेला किती गाड्या, किती किलोमीटर, किती वेळाने बस, हे विचारायची गरज वाटत नाही, कारण ती सेवा विकत घेतच नाही. ती फक्त खड्डा बुजवते.

याची सर्वांत मोठी झळ ठेक्याच्या गाड्यांना लागते. पीएमपीच्या ताफ्याचा निम्म्याच्या आसपास भाग आज ठेक्यावर आहे. पद्धत अशी: गाडी आणि चालक ठेकेदाराचा, वाहक पीएमपीचा. तिकिटाचे पैसे पीएमपीला जातात. ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो, मग गाडी भरलेली धावो की रिकामी. तत्त्वतः यात गैर काही नाही. प्रवाशांसाठी दुसऱ्या गाडीशी शर्यत लावण्याचा मोह ठेकेदाराला राहत नाही आणि भांडवलाचा बोजा संस्थेवर पडत नाही. पण ही पद्धत दोन पायांवर उभी असते: वेळेवर पैसे आणि डोळ्यांत तेल घालून देखरेख. मार्च २०२३ मध्ये थकीत बिलांसाठी ठेकेदारांनी गाड्या अचानक उभ्या केल्या. परीक्षांचे दिवस होते आणि शहराची निम्मी बससेवा गायब झाली. पालिकांनी पैसे मोकळे केले तेव्हा गाड्या सुटल्या. संपाच्या धमकीने चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत पैसे निघतात हे एकदा सिद्ध झाले, की पुढच्या थकबाकीच्या वेळी ठेकेदाराने पत्रव्यवहार कशाला करावा?

देखरेखीचे एक उदाहरण आगारातच पाहता येते. पहाटे पाळी लावताना टाइमकीपरसमोर शेड्यूलचा तक्ता असतो. ठेक्याची गाडी दारात उभी आहे, तिचा चालक चहा पिऊन तयार आहे, पण पीएमपीचा वाहक आला नाही. किंवा वाहक मशीन घेऊन बसला आहे आणि गाडी अजून सीएनजीच्या रांगेत आहे. दोन्ही प्रकारांत पहिली फेरी रद्द. पहिल्या प्रकारात ठेकेदार म्हणतो, गाडी दिली होती, पैसे द्या. दुसऱ्यात पीएमपी दंड लावू पाहते आणि ठेकेदार पंपाकडे बोट दाखवतो. एका गाडीला दोन मालक असल्याने रद्द फेरीचे कारण कागदावर काय लिहायचे, यावरच सकाळ जाते. थांब्यावरच्या माणसाला यातले काहीच कळत नाही. तो रिक्षा करतो, आणि पुढच्या महिन्यात हप्त्यावर दुचाकी घेतो.

वेळापत्रकाचे गणित इथे मांडले पाहिजे, कारण सगळे अपयश शेवटी त्यातच उतरते. समजा एका मार्गावर जाऊन-येऊन, दोन्ही टोकांची विश्रांती धरून, १२० मिनिटे लागतात. दर दहा मिनिटांनी बस द्यायची तर १२ गाड्या लागतात. रस्त्यावरची कोंडी वाढली आणि फेरी १५० मिनिटांची झाली, तर त्याच सेवेसाठी १५ गाड्या हव्यात. गाड्या १२ च राहिल्या तर बस साडेबारा मिनिटांनी येईल. त्यातल्या दोन बंद पडल्या तर पंधरा मिनिटांनी, आणि तेही गाड्या समान अंतराने धावल्या तर. प्रत्यक्षात त्या एकामागे एक अशा जोडीने येतात. म्हणजे नवा रुपया न कमावता, नवा प्रवासी न मिळवता, केवळ कोंडीमुळे खर्च पंचवीस टक्क्यांनी वाढला किंवा दोन बसमधला वेळ तेवढा वाढला. गाडीचा वेग हीच ताफ्याची खरी किंमत आहे. ताफ्याच्या खरेदीवर चर्चा करणाऱ्या बैठकांत वेगाचा विषय किती वेळा निघतो, याचा शोध एखाद्या पत्रकाराने जरूर घ्यावा.

वेगावर मात्र पीएमपीचा अधिकार शून्य. रस्ता पालिकेचा, सिग्नल आणि वाहतूक पोलिसांची. बीआरटीची, म्हणजे बससाठीच्या स्वतंत्र मार्गिकांची, कहाणी याच फटीत घडली. कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर डिसेंबर २००६ मध्ये देशातला पहिला प्रयोग सुरू झाला. स्वतंत्र मार्गिका म्हणजे वर सांगितलेल्या तीन जादा गाड्या फुकटात मिळणे. पण मार्गिका बांधणारी पालिका, तिच्यात घुसणाऱ्या मोटारी रोखणारे पोलीस आणि तिच्यातून बस चालवणारी पीएमपी यांच्यापैकी कोणीच तिचा धनी नव्हता. कुठे उड्डाणपूल आला, कुठे मेट्रोचे खांब आले, मार्गिका तुटत गेली. २०२३ मध्ये नगर रस्त्यावरची मार्गिका कोंडीला जबाबदार धरून काढायला घेतली. त्या निर्णयाने पीएमपीला लागणाऱ्या जादा गाड्यांचा खर्च कोणाच्याही खात्यावर पडला नाही. तो वर्षाअखेरच्या तुटीत मिसळून गेला आणि मग पीएमपी अकार्यक्षम ठरली.

भाड्याबद्दल थोडक्यात. किमान पाच रुपयांचे तिकीट दशकभराहून अधिक काळ तसेच राहिले आणि १ जून २०२५ पासून एकदम दहा रुपये झाले. वाढीला मंडळाची मंजुरी लागते, मग प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची, आणि त्याआधी निवडणुकीचे दिवस टळावे लागतात. दरवर्षी थोडे वाढवायचे धैर्य नाही, म्हणून एका दिवसात दुप्पट. कष्टकऱ्याला वर्षाला आठ आणे पचतात, एका दिवसात पाच रुपये नाहीत.

हद्दीचा गुंता निराळाच आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए) स्थापना २०१५ ची. पुण्याची वस्ती दोन्ही पालिकांच्या सीमा कधीच ओलांडून गेली आहे. बस त्यांच्या बाहेर जाते, तूट मात्र मुख्यतः सीमेच्या आतले करदाते भरतात. २०२१ च्या एस.टी. संपात पीएमपीने ग्रामीण मार्गांवर गाड्या सोडल्या, लोकांना सवय झाली, आणि २०२२ च्या अखेरीस एस.टी.च्या मागणीवरून त्यातल्या काही बंद करायला सुरुवात झाली. प्रवासी कोणाचा, यावर दोन सरकारी संस्थांचे भांडण. प्रवाशाला विचारायची कोणाला सवड नव्हती. या सर्वांना एका छताखाली आणायला एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरण आहे, कागदावर. त्याच्या हाती पैसा नाही आणि रस्ताही नाही, तेव्हा मेट्रो आणि बस यांची सांगड घालणे त्याच्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल.

उपाय म्हणून नवी कंपनी, नवा कायदा सुचवण्याचा मोह होतो. माझे म्हणणे मर्यादित आहे. दोन्ही पालिकांनी, आणि हद्दीबाहेरच्या गाड्यांसाठी पीएमआरडीएने, पीएमपीशी तीन वर्षांचा लेखी सेवा करार करावा. कोणत्या मार्गावर किती मिनिटांनी बस, वर्षाला किती किलोमीटर, किलोमीटरमागे किती रुपये, हे आधी ठरावे. पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला वेगळ्या खात्यात जमा व्हावेत आणि ठेकेदारांची बिले त्यातूनच भागावीत. रद्द झालेल्या फेऱ्यांचे पैसे पीएमपीला मिळू नयेत. पालिकेने मार्गिका काढल्यास वाढलेल्या गाड्यांचा खर्च पालिकेने वेगळा मोजावा. व्यवस्थापकीय संचालकाची मुदत कराराच्या मुदतीएवढी असावी. असा करार झाला तर पीएमपी अकार्यक्षम आहे की नाही, हे पहिल्यांदाच मोजता येईल. आज ते मोजण्याची सोयच नाही.

चार वर्षांच्या खंडानंतर दोन्ही शहरांत पुन्हा सभागृहे आली आहेत आणि महापौरांच्या व स्थायी समिती अध्यक्षांच्या खुर्च्या पीएमपीच्या मंडळावर त्यांची वाट पाहत आहेत. अंदाजपत्रकात ‘पीएमपी संचलन तूट’ ही ओळ मंजुरीला येईल तेव्हा नगरसेवकांनी हात वर करण्याआधी एवढेच विचारावे: या पैशात किती किलोमीटर, आणि माझ्या प्रभागातल्या थांब्यावर किती मिनिटांनी बस?