कोइतूर, कम्री आणि झाडी

भंडारा जिल्ह्याचा इतिहास सांगणारी मराठी पुस्तके चाळली म्हणजे त्यांत एक मोठी उडी आढळते. प्रारंभी पवनी येते. 1969-70 साली तेथे झालेल्या उत्खननात उघडकीस आलेला बौद्ध स्तूप, मग वाकाटक, आणि तेथून लेखक जो निघतो तो थेट रघूजी भोसल्यांच्या छावणीत येऊन थांबतो. मधल्या शतकांसाठी ‘येथे गोंड राजांचा अंमल होता’ एवढे एक वाक्य खर्ची पडते. आम्ही मराठीचे अध्यापक, इतिहासाचे नव्हे. पण ज्या मुलखातील मुलांना आम्ही लीळाचरित्र शिकवतो, त्या मुलखाची तीन-चार शतके एका वाक्यात आटोपली जातात हे आम्हांस खटकते. त्या वाक्यात काय काय दडले आहे, ते येथे थोडे उकलून पाहावयाचे आहे.

ही शतके साधनांच्या अभावी गाळली जातात असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो पूर्णतः खरा नाही. कलचुरी राजा जाजल्लदेव याच्या रतनपूर येथील 1114 च्या शिलालेखात त्याला वार्षिक खंडणी देणाऱ्या मंडलांची नावे आहेत. त्यांत लांजिका आणि वैरागर यांच्या पंक्तीत ‘भाणार’ येते. हेच आजचे भंडारा, असे अभ्यासक मानतात. पुढे तेराव्या शतकात महानुभावांच्या वाङ्मयात निळभट्ट भांडारेकार भेटतात. श्रीचक्रधरांच्या या शिष्याच्या नावातच गाव आहे. म्हणजे मराठीचा पहिला गद्यग्रंथ भंडाऱ्याला ओळखतो. मराठी येथे भोसल्यांच्या घोड्यावर बसून आली, हा समज त्यामुळे सोडावा लागतो. गोंड राज्ये बलिष्ठ झाली त्याआधीच ती येथे नांदत होती. आणि गोंडीही नांदत होती. दोन भाषा एकाच पाणवठ्यावर पाणी भरत होत्या.

येथे थोडे दूर जाऊन यावे लागेल. ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ देश आहे. ‘वेल्श’ हा शब्द तेथील लोकांचा नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ परका, उपरा असा होता. बाहेरून आलेल्यांनी मूळच्या रहिवाशांस परके म्हणावे, आणि तेच नाव जगाने उचलावे! ते लोक स्वतःला ‘कम्री’ म्हणतात. अर्थ, एका देशाचे, आपले लोक. आमच्याकडील गोंडांची कथा याहून फार निराळी नाही. ‘गोंड’ हे नाव इतरांनी दिलेले. ते स्वतःस ‘कोइतूर’ किंवा ‘कोया’ म्हणवितात, आणि त्याचा अर्थ साधा आहे: माणूस. जिंकलेल्यांची नावे जिंकणारे ठेवतात, हे जगात सर्वत्र घडले. वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र लिवेलिन 1282 मध्ये मारला गेला. 1536 आणि 1543 च्या कायद्यांनी तो देश इंग्लंडमध्ये विलीन झाला. न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरली, आणि इंग्रजी न येणाऱ्यास सरकारी पद मिळेना. वडिलांच्या नावापुढे ‘अप’ म्हणजे ‘चा मुलगा’ लावून ओळख सांगण्याची तेथील रीतही हळूहळू मोडली. ‘अप हावेल’चे ‘पॉवेल’ झाले आणि ते आडनाव कायमचे चिकटले.

नावांच्या या उलथापालथीत आमच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण पुरुष म्हणजे देवगडचा बख्त बुलंद. देवगड आज मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मोडते. तेथील जाटबा राजाची नोंद अकबराच्या काळी ऐन-इ-अकबरीने घेतली आहे. त्याच घराण्यातील हा राजा. घरच्या भाऊबंदकीत गादी गेली तेव्हा त्याने औरंगजेबाचे साहाय्य मागितले, 1686 मध्ये इस्लाम स्वीकारला, आणि बादशहाने त्याला बख्त बुलंद, म्हणजे थोर भाग्याचा, हे नाव दिले. धर्मांतर करताना त्याने रोटीव्यवहार मान्य केला पण बेटीव्यवहार नाकारला, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, तिच्यामागची वस्तुस्थिती खरी आहे: या घराण्याच्या सोयरिकी पुढेही गोंडांतच होत राहिल्या. बादशहाशी त्याचे फार दिवस जमले नाही. 1691 मध्ये त्याला पदच्युत करण्यात आले. पुढे त्याने बंड केले, छत्रपती राजारामांकडे मदत मागितली, तेव्हा चिडलेल्या औरंगजेबाने त्याला यापुढे ‘निगूनबख्त’, म्हणजे हीन भाग्याचा, म्हणावे असे फर्मावले. एकाच हाताने दिलेले नाव त्याच हाताने उलटे केले! लोकांनी मात्र दुसरे नाव कधी वापरले नाही.

या राजाची ओळख मग काय लिहावी? धर्माने मुसलमान, कुळाने कोइतूर, दरबाराचा मुघलांशी व्यवहार फारसीत, प्रजा मराठी, गोंडी, हिंदी बोलणारी. आजच्या जनगणनेच्या तक्त्यात हा माणूस एका रकान्यात मावणार नाही. त्याने 1702 च्या सुमारास बारा वस्त्या एकत्र करून नागपुरास राजधानीचे रूप दिले. (नागपूर हे नाव त्याहून जुने आहे, 1637 मध्ये शाहजहानच्या खान-इ-दौरानने नागपूरच्या किल्ल्याला वेढा घातला होता. ‘नागपूर बख्त बुलंदाने वसवले’ हे वाक्य म्हणून जरा सांभाळून वापरावे.) तुमसर तालुक्यातील आंबागडचा किल्ला 1700 च्या आसपासचा. तो बांधला राजा खान पठाणाने, जो बख्त बुलंदाचा अधिकारी होता. गोंड राजा, पठाण किल्लेदार, आणि किल्ल्याखालच्या धानाच्या बांध्यांत राबणारे नाना जातींचे कुणबी-कास्तकार, असे ते राज्य होते. नागपूरचा इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स याने 1827 च्या आपल्या अहवालात, हिंदू-मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे कामास लावणारा आणि चहूकडून उद्योगी लोक आणून वसविणारा राजा, अशी त्याची नोंद केली आहे.

आणि झाडीपट्टीचा खरा इतिहास येथे, या ‘आणून वसविण्यात’ आहे असे आम्हांस वाटते. पोवार स्वतःस माळव्यातील धारचे म्हणवितात. त्यांची परंपरा सांगते की ते आधी रामटेकजवळच्या नगरधनास आले, तेथून वैनगंगेच्या खोऱ्यात उतरले, आणि भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत केलेल्या कामगिरीबद्दल त्यांना नदीच्या पश्चिमेस पडीक जमिनी मिळाल्या. तीनशे वर्षांनंतरही त्यांच्या घरात पोवारी बोलली जाते. वळण उत्तरेचे, अंगावर मराठीचा वेष. लोधी आले, तेही उत्तरेकडून. कोहळी आपले मूळ काशीकडे नेतात आणि चांद्याच्या गोंड राजाने आपल्याला तळी बांधावयास आणले असे सांगतात. काशी असो वा नसो, तळी मात्र डोळ्यांसमोर आहेत.

या तळ्यांविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण झाडीतील गोंडकाळाचा सर्वांत मोठा दस्तऐवज पाण्याने लिहिलेला आहे. चांद्याच्या हिरशहाच्या नावावर एक जमीनधोरण सांगितले जाते: जो जंगल तोडून गाव वसवील त्यास गाव, जो तळे बांधील त्यास तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन. अशा देणगीस ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरातील तुकूम या वस्तीचे नाव आजही ओठांवर आहे, अर्थ मात्र पुसला गेला. राजाने तिजोरीतून एक कवडी न देता केवळ हक्काच्या आश्वासनावर पाणी अडवून घेतले, ही राज्यकारभाराची साधी पण फार पक्की युक्ती होती. दोन टेकड्यांमधली खिंड पाहावयाची, तेथे मातीची पाळ घालावयाची, जास्तीचे पाणी सोडावयास सांडवा ठेवावयाचा, आणि खालच्या बांध्यांना क्रमाने पाणी द्यावयाचे. मोठे ते तलाव, लहान ती बोडी. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळ्याने बांधला, अशी गॅझेटियरची नोंद आहे. भोवतालच्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. कोलू पाटील पुढे कोलासुर झाला आणि टेकडीवर देव म्हणून बसला. (1 मे 1999 च्या विभाजनानंतर नवेगावबांध गोंदिया जिल्ह्यात गेले, पण इतिहासाची वाटणी तहसीलदाराच्या नकाशाप्रमाणे होत नाही.) पाळ बांधणारा माणूस देव झाला आणि पाळ बांधू देणारा राजा विस्मृतीत गेला, हेही या मातीच्या स्वभावाला धरूनच.

बख्त बुलंदानंतर चांद सुलतान, आणि 1739 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर पुन्हा भाऊबंदकी. राणीने रघूजी भोसल्यांना मदतीस बोलावले. रघूजी आले, मदत केली, मोबदला घेतला, आणि भावाभावांच्या पुढच्या भांडणात 1743 च्या सुमारास सत्ताच आपल्या हाती घेतली. बुऱ्हाणशहाला मात्र त्यांनी पदच्युत केले नाही. त्याला राजा ही पदवी आणि तनखा देऊन नागपुरातच ठेवले. भोसल्यांच्या गादीवर बसणाऱ्यास गोंड राजाने टिळा लावावा अशी प्रथा पडली. राज्य घेतल्यावरही राज्याचा अधिकार ज्याच्याकडून घेतला त्याच्याच अंगठ्याने कपाळी उमटवून घ्यावा लागतो, एवढे भान त्या काळी होते. सरकारी दप्तर मात्र मोडीतल्या मराठीचे झाले.

वेल्सशी तुलना येथे उपयोगी पडते, आणि येथेच ती संपतेही. तेथेही सत्ता गेली, कचेरीची भाषा गेली, सरदार घराणी इंग्रजाळली. पण 1588 मध्ये विल्यम मॉर्गनने संपूर्ण बायबल वेल्श भाषेत छापविले, आणि कचेरीबाहेर घालविलेली भाषा दर रविवारी देवळात मोठ्याने वाचली जाऊ लागली. भाषेला एक छापील घर मिळाले. गोंडीला ते मिळाले नाही. तिची गाणी आणि कुळकथा परधानांच्या किंगरीवर टिकल्या, कागदावर नव्हे. गंमत अशी की ज्या मराठीने गोंडीला दप्तरात जागा दिली नाही, त्या मराठीच्याच झाडीबोलीला पुढे पुण्याच्या प्रमाण मराठीने अशुद्ध ठरविले. ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणणारा विद्यार्थी आमच्या वर्गात आजही आधी वाक्य मनात दुरुस्त करतो आणि मग उठतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले, त्यामुळे निदान तिचा अभ्यास झाला.

हा सारा प्रपंच जुना म्हणून सोडून देता आला असता. पण 1853 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि इंग्रजांनी माणसे मोजावयास घेतली. तोवर जी ओळख कामाने, जमिनीने, सोयरिकीने हलती राहिली होती, ती नोंदवहीत उतरली आणि गोठली. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथाने गोवारी ही गुराखी जात अहीर आणि गोंड यांच्या संबंधांतून घडली असे लिहिले. स्वतंत्र भारताच्या अनुसूचीत नोंद आली ती ‘गोंड गोवारी’ अशी. ही एक जमात, की दोन शब्दांमध्ये काही राहून गेले? 23 नोव्हेंबर 1994 रोजी हाच प्रश्न घेऊन नागपूरच्या विधानभवनावर गेलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 गोवारी बांधव-भगिनी मृत्युमुखी पडले. 14 ऑगस्ट 2018 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की गोंड गोवारी नावाची जमात 1911 पूर्वीच लुप्त झाली होती, म्हणून नोंद गोवारींचीच. 18 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. पवनी, मोहाडी, आंधळगाव येथील मागावर बसणाऱ्या हलबा-कोष्ट्यांचा दावा त्याआधीच, 28 नोव्हेंबर 2000 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अमान्य केला होता. अनुसूचीत हलबा आहे, हलबा-कोष्टी नाही. आणि नोंदीत लिहिले असेल तेवढेच वाचावयाचे, त्यात भर घालावयाची नाही, हा त्याचा आधार.

न्यायालयांनी कायद्याच्या चौकटीत निर्णय दिले. त्यावर टीका करण्याचा येथे हेतू नाही. मूळ आदिवासींच्या वाट्याचे दुसऱ्याने घेऊ नये, ही कोइतूर संघटनांची भीतीही निराधार म्हणता येत नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. गुरे राखणारा, विणणारा, पाळ बांधणारा आणि राज्य करणारा ज्या काळी एकमेकांच्या आधाराने घडत होते, त्या काळाविषयी आम्ही मराठीत एक वाक्य लिहून ठेवले. मग 1911 पूर्वी कोण होते आणि कोण नव्हते हे ठरविण्याची वेळ आली तेव्हा जनगणनेचे तक्ते आणि इंग्रजांचे जातिग्रंथच हाती उरले.

त्या 1911 नंतर सातच वर्षांनी, 1918 मध्ये, बावनथडीपलीकडच्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी गोंडीसाठी एक लिपी रचली. आदिलाबादच्या गुंजाळा गावी दुसऱ्याच एका गोंडी लिपीतील हस्तलिखिते पुढे 2006 मध्ये अभ्यासकांच्या हाती आली. त्यांतील काही 1750 च्या आसपासची मानली जातात, म्हणजे नागपुरात भोसल्यांचे मोडी दप्तर उघडले त्याच पिढीतली. दोन्ही लिप्या 2017 आणि 2018 मध्ये संगणकाच्या युनिकोड मानकात समाविष्ट झाल्या आहेत. भंडाऱ्याच्या कोणत्या गढीत, कोणत्या परधानाच्या पेटीत असे आणखी काही पडून आहे का, हे पाहावयास अजून कोणी निघालेले आमच्या ऐकिवात नाही.