आकाशातली वर्तुळे आणि जमिनीवरचे परीक्षक

१९६० साली झुरिचजवळच्या ड्युबेनडॉर्फ येथे रेडिओने चालवल्या जाणाऱ्या छोट्या विमानांची पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि अमेरिकेच्या एड काझ्मिर्स्की यांनी ती जिंकली. त्या काळच्या यंत्रणेत विमानाचे सुकाणू हळुवार वळवण्याची सोय नव्हती. हातातल्या ट्रान्समीटरवरचे खटके दाबायचे किंवा सोडायचे, इतकेच वैमानिकाच्या स्वाधीन असे. अशा साधनाने हवेत वर्तुळ काढायचे म्हणजे खटक्यावर बोटाने ठेका धरावा लागे आणि साहजिकच वर्तुळाला कोपरे येत. ज्याच्या वर्तुळाला कोपरे कमी, तो श्रेष्ठ. हे ठरवायला फार मोठ्या रसिकतेची गरज नव्हती. कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या प्रेक्षकालाही ते दिसे.

या कसरतींच्या स्पर्धांमध्ये परीक्षणाचा दर्जा घसरला आहे, अशी तक्रार छंदिष्टांच्या वर्तुळात कायम ऐकू येते. तक्रार खरी आहे. परंतु ‘घसरला’ हे क्रियापद मला चुकीचे वाटते. घसरण्यासाठी आधी उंचीवर असावे लागते. प्रत्यक्षात झाले असे की उड्डाण पुढे गेले आणि पाहणारा डोळा होता तिथेच राहिला. साठच्या दशकातच काठी जितकी हलवावी तितकेच सुकाणू वळवणारी रेडिओयंत्रणा आली. १९६७ साली कॉर्सिकात विजेते ठरलेले फिल क्राफ्ट हे स्वतःच अशा यंत्रणांचे निर्माते होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पुढे ऑस्ट्रियाचे हान्नो प्रेटनर यांनी हे विजेतेपद अनेकदा मिळवले, तोवर वर्तुळाचे कोपरे नाहीसे झाले होते. पहिल्या दहा स्पर्धकांतला फरक आता कोपऱ्यांचा नव्हता, किंचित कललेल्या रेषेचा होता. आणि तो पाहण्यासाठी कोणी काही नवे शिकले होते काय?

नियम मात्र सूक्ष्म होत गेले. फेडरेशन एरोनॉटिक इंटरनॅशनल या जागतिक संघटनेच्या क्रीडासंहितेनुसार प्रत्येक कसरतीला दहापैकी गुण मिळतात आणि ते त्या कसरतीच्या काठिण्य-गुणकाने गुणले जातात. परीक्षकाने दहापासून आरंभ करून दोषागणिक उतरत जायचे. दिशा सुमारे पंधरा अंशांनी चुकली, की एक गुण कमी. निकषही दिलेले आहेत: भौमितिक अचूकता, स्थान, आकारमान, आणि त्यांच्याच पंक्तीत सफाई व लालित्य! कोनमापकाशेजारी लालित्य मांडणारा हा कागद साहित्याच्या कोणत्याही अध्यापकाने एकदा जरूर वाचावा. लालित्यात पंधरा अंशांची चूक म्हणजे किती, हे अर्थातच त्यात नाही.

अचूकतेचे तरी काय? विमानाची लांबी आणि पंखांचा विस्तार दोन मीटरांपर्यंत, आणि ते उडायचे सुमारे दीडशे मीटर अंतरावर. त्रिकोणमितीचा साधा हिशेब केला तर एवढ्या अंतरावरून पूर्ण आकाराचे विमान पाऊण अंशाएवढे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या जेमतेम दीडपट दिसते. एवढ्याशा आकृतीची रेषा किती अंशांनी कलली हे परीक्षकाने सांगायचे, अंतर नजरेनेच मोजायचे, वारा वाहत असताना सांगायचे. त्यातही विमानाचे नाक कुठे आहे ते पाहायचे नाही, त्याचा मार्ग पाहायचा. वाऱ्याला तोंड देण्यासाठी जाणता वैमानिक नाक मुद्दाम थोडे वाऱ्याकडे ठेवतो, म्हणून मार्ग सरळ राहतो. नवख्या परीक्षकाला मात्र ते तिरके नाकच आधी दिसते आणि तो गुण कापतो. कौशल्यालाच दोष समजण्याचा हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. नेहमीच्या चौकटीत न बसणारे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपणही असेच कापत आलो आहोत.

आरंभीच्या काळात परीक्षकाला उसंत होती. एक कसरत झाली की विमान वळसा घेऊन परत येई. त्या वळशाला गुण नसत. तेवढ्या अवधीत परीक्षक विचार करी आणि आकडा लिही. १९८० च्या दशकात हे वळसेही कसरतींमध्ये गणले जाऊ लागले. विमान मैदानाच्या एका टोकाला पोहोचले की तिथली कसरत, मग मध्यभागी दुसरी, मग दुसऱ्या टोकाला तिसरी. मध्ये विसावा नाही. उड्डाण सलग झाले, देखणे झाले, यात शंका नाही. परंतु परीक्षकाने आकडा उच्चारायचा आणि शेजारच्या लेखनिकाने तो टिपायचा, एवढ्यात पुढची आकृती अर्धी होऊन गेलेली असते. या बदलाची किंमत वैमानिकांनी सरावाने चुकवली. परीक्षकांनी ती कशी चुकवावी, याचा विचार त्या मानाने थोडाच झाला.

आता हे परीक्षक कोण? बहुतांशी बिनपगारी हौशी मंडळी. स्थानिक स्पर्धांत तर एका गटाचे स्पर्धक दुसऱ्या गटाचे परीक्षक होतात आणि दुपारनंतर खुर्च्या बदलतात. सकाळी ज्याला आपण पाच गुण दिले तोच दुपारी आपल्यासमोर कागद घेऊन बसणार, हे ठाऊक असताना पाच देण्याचे धैर्य थोड्यांनाच होते. मग सारे गुण सहा ते आठच्या पट्ट्यात गोळा होतात. यात लबाडी नसते. भिडस्तपणा असतो, आणि पारख नसली की सुरक्षित आकड्याचा आश्रय असतो. याच पोकळीत नावाचे वजन शिरते. नामवंत वैमानिकाचे वर्तुळ आधीच गोल असते! एकांकिका स्पर्धांच्या निकालानंतरची चर्चा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना अधिक सांगणे न लगे.

संघटनेने उपाय शोधले, पण ते गणिताचे. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळणे हा जुना उपाय. त्यानंतर तारासोव्ह, बाउअर आणि लाँग यांच्या नावाने ओळखली जाणारी संख्याशास्त्रीय पद्धती आली. सढळ आणि कंजूष परीक्षकांना ती एका पातळीवर आणते, आणि इतरांपासून फार दूर गेलेला गुण संशयास्पद ठरवून बाजूला सारते. राष्ट्राभिमानाने फुगलेला आकडा तिने पकडला जातो, हे मान्य. परंतु पाचांपैकी चार परीक्षकांच्या नजरेतून सुटलेला दोष ज्या एकाला दिसला, त्याचाही आकडा इतरांपासून दूरच असणार. पक्षपात आणि अचूक दृष्टी यांत भेद करण्याचे साधन गणिताजवळ नाही. त्याला फक्त अंतर दिसते. आणि आपला आकडा वारंवार वगळला जातो हे कळल्यावर तो एक जण पुढच्या खेपेस काय करील? इतरांच्या आसपास राहायला शिकेल. मला या पद्धतीचा हा परिणाम सर्वांत चिंताजनक वाटतो.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी-स्केटिंगच्या निकालावरून केवढे वादळ उठले! त्यानंतर २००४ साली त्या खेळाने सहा गुणांची जुनी पद्धत सोडून नवी स्वीकारली. छोट्या विमानांच्या वाट्याला असे वादळ येत नाही. त्यात पैसा नाही, दूरचित्रवाणी नाही. दोन वर्षे पहाटे उठून सराव केलेला माणूस गुणपत्रिका पाहतो, घडी करून खिशात ठेवतो आणि विमानाचे पंख सोडवून गाडीत भरतो. त्याच्यावर अन्याय झाला की नाही हे सांगणारे पुरावेदेखील मागे राहत नाहीत, कारण आकाशात काढलेली रेषा पुसली गेलेली असते.

अलीकडे विमानात बसवता येणारी छोटी नोंदयंत्रे ही रेषा टिपून ठेवू लागली आहेत, आणि सरावासाठी त्यांचा उपयोगही होतो. पण डोळा तयार करण्याचा जुना मार्ग साधाच आहे. जागतिक स्पर्धेआधी स्पर्धेत नसलेल्या वैमानिकांकडून उड्डाणे करवून परीक्षकांचा सराव घेतला जातो. मोजपट्टी कडक ठेवायची की सैल यापेक्षा ती दिवसभर एकच राहावी, हा त्यामागचा हेतू. स्थानिक स्पर्धांत मात्र असे एक उड्डाणही बहुधा होत नाही. नोंदणी संपली की परीक्षकाची नजर पहिल्याच स्पर्धकावर बसू लागते, आणि चिठ्ठीत ज्याचा क्रमांक पहिला निघाला त्याने तो खर्च सोसायचा.