बो हंटर सिंड्रोम म्हणजे काय? ऑपरेशन कसं करतात?

मान एका बाजूला वळवली की डोळ्यांपुढे अंधारी, सरळ केली की बरं! याचं एक दुर्मिळ कारण म्हणजे बो हंटर सिंड्रोम. धनुष्यबाणाचा सराव करताना स्ट्रोक आलेल्या रुग्णावरून १९७८ मध्ये हे नाव पडलं.

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी व्हर्टिब्रल धमनी मणक्यांच्या छिद्रांतून वर जाते. मान वळताना ती हाडामुळे दाबली जाते. नेमकी जागा शोधायला मान वळवून अँजिओग्राफी करतात.

ऑपरेशनचे दोन मुख्य प्रकार:

डीकंप्रेशन: दाबणारं हाड काढतात. मान पूर्वीसारखी फिरते, पण त्रास परत उद्भवू शकतो.

फ्यूजन: मणके स्क्रूने जोडतात. तिथली हालचालच थांबते. मात्र सगळ्यात वरचे दोन मणके जोडले, तर मान वळवण्याची जवळपास निम्मी क्षमता जाते. म्हणून निर्णयाआधी सर्जनशी दोन्ही बाजू नीट बोलून घ्या.