मार्क ट्वेन यांचे वॉटसन हॉटेलमधील वास्तव्य

अमेरिकन कादंबरीकार मार्क ट्वेन (मूळ नाव : सॅम्युअल लँगहॉर्न क्लेमेन्स, १८३५–१९१०) हे जानेवारी १८९६ मध्ये मुंबईतील काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेलमध्ये उतरले होते. या मुक्कामाचे वर्णन त्यांच्या 'फॉलोइंग द इक्वेटर' (१८९७) या प्रवासवर्णनाच्या ३८ व्या व त्यापुढील प्रकरणात येते. हॉटेलातील गोंगाट आणि नोकरांची अव्यवस्था यांविषयीची कुरकुर हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातील प्रवासलेखनाचा ठरलेला विषय होता. ट्वेन यांच्या लेखनात मात्र ही कुरकुर एका नोकराला बसलेल्या तडाख्यापाशी थांबते आणि अमेरिकेतील गुलामगिरीच्या आठवणीकडे वळते.

पार्श्वभूमी

ट्वेन यांची प्रकाशनसंस्था १८९४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. अक्षरजुळणीच्या एका यंत्रातही त्यांचा मोठा पैसा बुडाला होता. कर्ज फेडण्यासाठी त्यांनी १८९५ मध्ये जगभर व्याख्यानांचा दौरा सुरू केला. पत्नी ऑलिव्हिया व कन्या क्लारा त्यांच्यासोबत होत्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व श्रीलंका करून ते मुंबईस पोहोचले, तेव्हा खोकल्याने आजारी होते. हिंदुस्थानातील दौऱ्यात पुढे त्यांनी पुणे, अलाहाबाद, कलकत्ता इत्यादी ठिकाणी व्याख्याने दिली.

हॉटेल

वॉटसन हॉटेल हे त्या काळी मुंबईतील सर्वांत प्रतिष्ठित हॉटेल होते. जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्याने ते उभारले. इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा होता. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणण्यात आला आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडण्यात आला. हॉटेलात केवळ युरोपीय पाहुण्यांना प्रवेश असे. येथे प्रवेश नाकारला गेल्यामुळे जमशेटजी टाटा यांनी ताजमहाल हॉटेल (१९०३) बांधले, ही प्रसिद्ध कथा वारंवार सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा मिळत नाही.

तक्रारीचे स्वरूप

खोलीपर्यंत सामान नेण्याचा प्रसंग ट्वेन यांनी विनोदाने रंगवला आहे. सुमारे चौदा नोकरांची मिरवणूक जिन्याने वर आली. प्रत्येकाच्या हाती एकच वस्तू, आणि शेवटच्याकडे तर फक्त एक पंखा. नंतर प्रत्येकजण आपल्या नाण्याची वाट पाहत उभा राहिला. रात्री नऊच्या सुमारास ते खोकल्यामुळे अंथरुणावर पडले, पण मजल्या-मजल्यांवरून दिल्या जाणाऱ्या हाकांमुळे मध्यरात्रीपर्यंत झोप लागली नाही. पहाटे पाचला पुन्हा सुरुवात झाली, तीही कावळ्यांनी. मुंबईच्या कावळ्यावर त्यांनी लिहिलेला मजकूर आजही संकलनांत छापला जातो.

थपडेचा प्रसंग

सामान लावून घेण्यासाठी आलेल्या धिप्पाड जर्मन माणसाच्या देखरेखीखाली एक हिंदी नोकर सज्जाच्या काचेच्या दारापाशी गुडघे टेकून काम करत होता. काम मनाजोगे होत नसावे. जर्मन माणसाने काहीही न सांगता प्रथम त्याच्या जबड्यावर तडाखा मारला आणि मग चूक कोठे आहे ते सांगितले. नोकराने तो निमूटपणे सोसला. त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही, असे ट्वेन नोंदवतात. पन्नास वर्षांत असे पाहिले नव्हते, असेही ते म्हणतात.

यानंतर कथन मिसूरी राज्यातील हॅनिबल या त्यांच्या बालपणीच्या गावी जाते. तेथे गुलामाला आपली इच्छा समजावण्याची हीच नेहमीची रीत होती, हे त्यांना आठवते. त्यांचे वडील जॉन मार्शल क्लेमेन्स सभ्य व दयाळू होते; स्वतःच्या मुलावर त्यांनी क्वचितच हात उचलला. तरीही घरातील लुईस या निरुपद्रवी गुलाम मुलाला क्षुल्लक चुकांसाठी ते अधूनमधून फटकावत. हा दोष वडिलांच्या स्वभावाचा नसून रूढीचा होता, असे ट्वेन लिहितात. दहा वर्षांचे असताना त्यांनी याहून भयंकर घटना पाहिली : कामात थोडा अजागळपणा केला म्हणून एकाने गुलामाच्या डोक्यात लोहखनिजाचा तुकडा फेकला आणि तो तासाभरात मेला. गावाला ते आवडले नाही, परंतु कोणी फारसे बोललेही नाही. मुंबईहून मिसूरीला आणि तेथून परत असा हा प्रवास आपल्या मनाने दोन सेकंदांत केला, असे ते सांगतात.

येथे ट्वेन यांची मर्यादाही दिसते. तडाखा मारणाऱ्याला त्यांनी काही विचारल्याचा उल्लेख नाही, आणि नोकराचे नावही पुस्तकात नाही. खासगी सेवेसाठी ठेवलेला मॅन्युएल हा गडी मंद वाटल्याने त्यांनी काढून टाकला. त्याच्या जागी आलेल्या चपळ गड्याला त्यांनी 'सैतान' हे नाव ठेवले. एके दिवशी याच सैतानाने 'देव' भेटीस आल्याची वर्दी दिली. हा पाहुणा म्हणजे तिसरे आगाखान असल्याचे मानले जाते. त्यांनी ट्वेन यांच्याशी हक फिन या पात्राविषयी चर्चा केली.

इमारतीची पुढील स्थिती

ट्वेन यांच्या मुक्कामानंतर काही महिन्यांनी, ७ जुलै १८९६ रोजी, याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ झाला. हॉटेल बंद पडल्यावर इमारतीचे 'एस्प्लनेड मॅन्शन' झाले आणि तिच्यात भाडेकरू व कार्यालये आली. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. त्याच वर्षी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातील वास्तूंच्या २००६ च्या यादीत तिचा समावेश केला.