शब्दवेध : लॉरिक

लॉरिक आम्ल हे 12 कार्बन अणूंच्या सरळ साखळीचे संपृक्त मेदाम्ल. त्याचे नाव लॅटिन ‘लॉरस’वरून आले. लॉरस म्हणजे प्राचीन रोममध्ये विजेत्याच्या मस्तकी ज्याच्या पानांची माळ घालत ते झाड. 1842 मध्ये संशोधक मार्सन यांना हे आम्ल त्याच झाडाच्या फळांत सापडले. ‘लॉरिएट’ हा किताबही याच शब्दावरून आलेला. आपले तमालपत्र आणि दालचिनी लॉरस झाडाच्याच कुळातली.

या नावाला महाराष्ट्रात फार सुंदर साक्ष मिळते. सह्याद्रीतला पिसा याच कुळातला वृक्ष, आणि त्याच्या बियांतली चरबी जवळजवळ निव्वळ ट्रायलॉरिन असते, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला लॉरिक आम्लाचे तीन रेणू जोडून झालेले एस्टर. इतकी शुद्ध चरबी निसर्गात विरळाच. खोबरेल तेलातही लॉरिकचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो.

गोंदिया जिल्ह्याच्या जंगलात मात्र मोहाचे राज्य. मोहाच्या बियांच्या तेलात 16 आणि 18 कार्बनांची लांब मेदाम्ले असतात. त्याचा साबण टिकाऊ होतो, पण फेस कमी देतो. लॉरिकची साखळी आखूड, त्यामुळे त्याचा साबण पाण्यात चटकन विरघळून भरपूर फेसाळतो. म्हणून मोहतेलाच्या साबणात खोबरेल मिसळणे शहाणपणाचे. लॉरिकपासून बनणाऱ्या लॉरिल अल्कोहोलचे सोडियम लॉरिल सल्फेट शाम्पू व टूथपेस्टला फेस देते, तर मोनोलॉरिन हे एस्टर काही जिवाणूंची वाढ रोखते.